इंग्रजीत प्रेझेंटेशन देताना उपयोगी पडणारी वाक्ये : डहाणू-तलासरीतील उदाहरणांसह

प्रेझेंटेशन म्हणजे ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या विषयावर, समोर बसलेल्या लोकांना क्रमाने आणि मुद्देसूद माहिती देणे. मराठीत याला सादरीकरण म्हणतात. महाविद्यालयातील सेमिनार, नोकरीची मुलाखत, बचत गटाचा प्रदर्शनातील स्टॉल, शेतकरी उत्पादक कंपनीची खरेदीदाराबरोबरची बैठक, तारापूर एमआयडीसीतील कारखान्याचा आढावा अशा अनेक ठिकाणी हे सादरीकरण इंग्रजीत करावे लागते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके गुजरातच्या सीमेजवळ आहेत. येथील घरांत वारली, धोडिया, कोकणा, काथोडी, मांगेली, गुजराती अशा भाषा-बोली बोलल्या जातात. शाळेत गेल्यावर मूल प्रमाण मराठी शिकते, बाजारात हिंदी आणि गुजराती उचलते. त्यामुळे अनेकांसाठी इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. विषय पूर्ण माहीत असतो, पण उभे राहिल्यावर पहिले वाक्यच सुचत नाही. मग इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर मान खाली घालून वाचला जातो आणि स्वतःजवळची खरी माहिती मनातच राहते.

या अडचणीवर एक सोपा उपाय आहे. सादरीकरणासाठी सगळी इंग्रजी यावी लागत नाही. सुरुवात, पुढच्या मुद्द्याकडे वळणे, चित्र दाखवणे, अडखळल्यावर सावरणे, प्रश्न घेणे आणि शेवट करणे या ठरलेल्या जागा असतात. त्या जागांसाठी तीस-चाळीस तयार वाक्ये पुरतात. दाराला जशा बिजागऱ्या, तशी ही वाक्ये. दार म्हणजे विषय, आणि तो बोलणाऱ्याकडे आधीपासूनच असतो.

खालील सर्व इंग्रजी वाक्ये वाचून तशीच म्हणता यावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत.

१. सुरुवात करताना

पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी सांगायच्या असतात : मी कोण, विषय कोणता आणि किती वेळ लागेल.

- “गुड मॉर्निंग एव्हरीवन. थँक यू फॉर बीइंग हिअर.” – सर्वांना नमस्कार. आल्याबद्दल आभार.
- “माय नेम इज…, अँड आय कम फ्रॉम तलासरी.” – माझे नाव…, मी तलासरीचा किंवा तलासरीची.
- “टुडे आय अ‍ॅम गोइंग टू टॉक अबाउट घोलवड चिकू.” – आज मी घोलवडच्या चिकूबद्दल बोलणार आहे.
- “धिस विल टेक अबाउट टेन मिनिट्स.” – याला साधारण दहा मिनिटे लागतील.
- “प्लीज कीप युअर क्वेश्चन्स फॉर द एंड.” – प्रश्न शेवटी विचारावेत.
- “प्लीज फील फ्री टू स्टॉप मी अँड आस्क.” – मध्येच थांबवून विचारले तरी चालेल.

शेवटच्या दोन वाक्यांपैकी एकच निवडावे. मध्येच प्रश्न आला की गोंधळ होत असेल, तर प्रश्न शेवटी घेणे बरे.

२. आराखडा सांगताना

मराठीत आपण “आधी हे सांगतो, मग ते” असे सहज म्हणतो. इंग्रजी सादरीकरणातही हेच अपेक्षित असते. ऐकणाऱ्याला पुढचा रस्ता आधी दिसला, तर एखादा शब्द चुकला तरी त्याला मुद्दा कळतो.

- “माय टॉक हॅज थ्री पार्ट्स.” – माझ्या बोलण्याचे तीन भाग आहेत.
- “फर्स्ट, आय विल एक्सप्लेन…” – आधी मी… समजावून सांगेन.
- “आफ्टर दॅट, आय विल शो यू…” – त्यानंतर… दाखवेन.
- “फायनली, आय विल टॉक अबाउट…” – शेवटी… बद्दल बोलेन.

भाग तीनच ठेवावेत. दहा मिनिटांत सात मुद्दे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही.

३. एका मुद्द्यावरून दुसऱ्याकडे जाताना

ही वाक्ये सर्वांत जास्त कामाची आहेत. अनेक सादरीकरणांत एक स्लाइड संपते, मग “ओके… नेक्स्ट…” म्हणून दुसरी लागते. त्याऐवजी :

- “लेट्स स्टार्ट विथ द फर्स्ट पॉइंट.” – पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू.
- “नाऊ लेट्स मूव्ह ऑन टू…” – आता… कडे वळू.
- “धिस ब्रिंग्ज मी टू माय नेक्स्ट पॉइंट.” – यावरून मी पुढच्या मुद्द्याकडे येतो किंवा येते.
- “अ‍ॅज आय सेड अर्लिअर…” – आधी सांगितल्याप्रमाणे…
- “आय विल कम बॅक टू धिस लेटर.” – याकडे मी नंतर परत येईन.

वाक्य म्हटल्यावर एक श्वास थांबावे. त्या वेळात ऐकणारा जुना मुद्दा बाजूला ठेवून नव्याकडे येतो.

४. चित्र, नकाशा किंवा तक्ता दाखवताना

- “अ‍ॅज यू कॅन सी हिअर…” – येथे दिसते त्याप्रमाणे…
- “ऑन धिस स्लाइड, यू कॅन सी…” – या स्लाइडवर… दिसते.
- “प्लीज लुक अ‍ॅट द लेफ्ट साइड.” – डावीकडे पाहा.
- “धिस मॅप शोज द कोस्ट ऑफ पालघर डिस्ट्रिक्ट.” – हा नकाशा पालघर जिल्ह्याचा किनारा दाखवतो.
- “द मोस्ट इम्पॉर्टंट थिंग हिअर इज…” – येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे…

स्लाइडवर लिहिलेले सगळे वाचून दाखवू नये. समोरचे लोक ते स्वतः वाचू शकतात. स्लाइडवर नसलेली एखादी गोष्ट सांगितली की लोक मान वर करून बोलणाऱ्याकडे पाहतात.

५. आकडे सांगताना

पालघर जिल्ह्यात चिकूखालील क्षेत्र सुमारे ५,००० हेक्टर आहे. डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, २०१६ मध्ये मिळाले. २०२१ मध्ये हा चिकू युनायटेड किंगडमला निर्यात झाला. हीच माहिती इंग्रजीत अशी सांगता येते :

- “अबाउट फाइव्ह थाउजंड हेक्टर्स आर अंडर चिकू.” – सुमारे पाच हजार हेक्टर चिकूखाली आहे.
- “इट गॉट द जीआय टॅग इन ट्वेंटी सिक्स्टीन.” – त्याला २०१६ मध्ये जीआय मिळाले.
- “इन ट्वेंटी ट्वेंटी-वन, इट वॉज एक्स्पोर्टेड टू द युनायटेड किंगडम.” – २०२१ मध्ये तो युनायटेड किंगडमला निर्यात झाला.

सन सांगताना त्याचे दोन भाग करतात. १९४५ म्हणजे “नाइन्टीन फॉर्टी-फाइव्ह”. नेमका आकडा माहीत नसेल तर “अबाउट” किंवा “निअर्ली” वापरावे. भारतीय श्रोत्यांसमोर लाख, कोटी चालतात. परदेशी खरेदीदारासमोर एक लाखाला “वन हंड्रेड थाउजंड” आणि एक कोटीला “टेन मिलियन” म्हणावे, नाहीतर ऑर्डरमध्ये घोटाळा होऊ शकतो.

६. कारण, उदाहरण आणि दोन बाजू सांगताना

- “द मेन रीझन इज…” – मुख्य कारण म्हणजे…
- “फॉर एक्झाम्पल…” – उदाहरणार्थ…
- “बिकॉज ऑफ धिस…” – यामुळे…
- “कम्पेअर्ड टू लास्ट इयर…” – गेल्या वर्षाच्या तुलनेत…
- “ऑन द वन हँड… ऑन द अदर हँड…” – एका बाजूने… दुसऱ्या बाजूने…

डहाणूतील काही विषय वादाचे आहेत. केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदरामुळे रोजगार येईल असे एक बाजू म्हणते, तर मासेमारी आणि किनारा धोक्यात येईल असे मच्छीमारांच्या संघटना म्हणतात. अशा विषयावर वर्गात बोलायचे असेल, तर पुढील वाक्ये वापरावीत :

- “सपोर्टर्स से दॅट इट विल ब्रिंग जॉब्ज.” – पाठिंबा देणारे म्हणतात की रोजगार येईल.
- “फिशिंग कम्युनिटीज आर वरीड अबाउट देअर लाइव्हलीहूड.” – मच्छीमारांना उपजीविकेची चिंता आहे.
- “इन माय ओपिनियन…” – माझ्या मते…

कोण काय म्हणते आणि आपले मत काय, हे असे वेगळे सांगितले की वादाच्या विषयावरही शांतपणे बोलता येते.

७. आपल्याकडचा शब्द इंग्रजीत नसेल तर

डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याची खरी कोंडी येथे होते. पाडा, तारपा, चौक, धवलेरी, कणसरी या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसले की बोलणे थांबते. शिवाय चुकीचा प्रतिशब्द वापरला तर अर्थही बिघडतो. बोंबील हे त्याचे ठसठशीत उदाहरण. इंग्रजीत त्याला “बॉम्बे डक” म्हणतात, पण तो बदक नसून मासा आहे. नुसते इंग्रजी नाव सांगितले तर नवखा पाहुणा भलतेच समजून बसेल.

योग्य रीत अशी : आपला शब्द तसाच म्हणावा आणि लगेच एका सोप्या वाक्यात त्याचा अर्थ सांगावा. त्यासाठी हे साचे आहेत :

- “वुई कॉल इट…” – आम्ही त्याला… म्हणतो.
- “इट इज अ काइंड ऑफ…” – तो एक प्रकारचा… आहे.
- “इट इज मेड फ्रॉम…” – ते… पासून बनवतात.
- “इट इज यूज्ड फॉर…” – ते… साठी वापरतात.
- “देअर इज नो एक्झॅक्ट इंग्लिश वर्ड फॉर इट.” – याला नेमका इंग्रजी शब्द नाही.

या साच्यांत शब्द बसवून पाहू :

- पाडा : “अ पाडा इज अ स्मॉल ग्रुप ऑफ हाउसेस. मेनी पाडाज टुगेदर मेक अ व्हिलेज.”
- तारपा : “द तारपा इज अ विंड इन्स्ट्रुमेंट. इट इज मेड फ्रॉम अ ड्राय गोर्ड अँड बांबू.”
- धवलेरी : “अ धवलेरी इज द वुमन हू सिंग्ज अँड लीड्स अवर वेडिंग.”
- कणसरी : “कणसरी इज अवर गॉडेस ऑफ ग्रेन.”
- बोंबील : “बोंबील इज अ फिश. इन इंग्लिश इट इज कॉल्ड बॉम्बे डक, बट इट इज नॉट अ डक.”

शेवटच्या वाक्याला श्रोते बहुधा हसतात, आणि बोलणाऱ्याचा ताण तिथेच उतरतो.

येथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. इंटरनेटवरील लेखांत आदिवासी समाजाबद्दल “दे” आणि “दीज पीपल”, म्हणजे “ते लोक”, असे लिहिलेले असते. तो मजकूर तसाच उतरवला तर वारली घरातील मुलगी स्वतःच्या आजीबद्दल “दीज पीपल” म्हणून बोलू लागते. आपल्या समाजाबद्दल बोलताना “वुई” आणि “अवर” वापरावे. “दे पेंट ऑन वॉल्स” ऐवजी “वुई पेंट ऑन अवर वॉल्स” म्हटले की बोलणाऱ्याचे नाते आणि अधिकार दोन्ही श्रोत्यांना कळतात.

८. अडखळल्यावर

अडखळणे सर्वांचे होते. तेव्हा गप्प राहण्याऐवजी म्हणायला एक वाक्य तयार असले, की पुढचे आपोआप सुचते.

- “लेट मी से दॅट अगेन.” – हे मी पुन्हा सांगतो किंवा सांगते.
- “व्हॉट आय मीन इज…” – मला म्हणायचे आहे ते असे…
- “सॉरी, आय फर्गॉट द वर्ड. इट इज समथिंग लाइक…” – शब्द आठवत नाही, पण ते साधारण… सारखे असते.
- “प्लीज गिव्ह मी अ मोमेंट.” – एक क्षण द्या.
- “कॅन आय से धिस इन मराठी?” – हे मराठीत सांगू का?
- “वुई हॅव लॉस्ट पॉवर. आय विल कंटिन्यू विदाउट द स्लाइड्स.” – वीज गेली आहे. मी स्लाइडशिवाय पुढे बोलतो किंवा बोलते.

वीज जाण्यासाठीचे वाक्य पावसाळ्यात हमखास उपयोगी पडते. त्यासाठी मुद्द्यांचा एक छोटा कागद हातात ठेवावा. त्यावर पूर्ण वाक्ये लिहू नयेत, फक्त मुद्द्यांची नावे लिहावीत.

“माय इंग्लिश इज व्हेरी बॅड, सॉरी” हे वाक्य मात्र सुरुवातीला म्हणू नये. त्यामुळे लोक विषय सोडून चुकाच ऐकू लागतात.

९. प्रश्नोत्तरांच्या वेळी

प्रश्नांची भीती सर्वांत मोठी असते, कारण ते आधी पाठ करता येत नाहीत. प्रश्न पाठ होत नसले, तरी उत्तराची सुरुवात पाठ करता येते.

- “डू यू हॅव एनी क्वेश्चन्स?” – काही प्रश्न आहेत का?
- “थँक यू फॉर द क्वेश्चन.” – प्रश्नाबद्दल आभार.
- “सॉरी, कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?” – प्रश्न पुन्हा सांगाल का?
- “कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?” – थोडे हळू बोलाल का?
- “डू यू मीन…?” – तुम्हाला… असे म्हणायचे आहे का?
- “आय डोंट हॅव दॅट इन्फर्मेशन नाऊ. आय विल फाइंड आउट अँड लेट यू नो.” – ही माहिती आत्ता नाही. शोधून कळवतो किंवा कळवते.
- “डझ दॅट आन्सर युअर क्वेश्चन?” – उत्तर मिळाले का?

उत्तर येत नसेल तर ते सरळ सांगणे चांगले. खरेदीदार किंवा परीक्षक न येणाऱ्या उत्तराला माफ करतात. ठोकून दिलेल्या उत्तराला मात्र माफी नसते.

१०. शेवट करताना

- “टू सम अप…” – थोडक्यात सांगायचे तर…
- “द मेन पॉइंट इज…” – मुख्य मुद्दा असा की…
- “इफ यू रिमेंबर ओन्ली वन थिंग, प्लीज रिमेंबर धिस.” – एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.
- “दॅट इज ऑल फ्रॉम मी. थँक यू फॉर लिसनिंग.” – माझे एवढेच. ऐकल्याबद्दल आभार.

संपूर्ण नमुना : वारली चित्रकलेवर दोन मिनिटांचे सादरीकरण

“गुड मॉर्निंग एव्हरीवन. आय अ‍ॅम अ सेकंड इयर स्टुडंट, अँड आय कम फ्रॉम अ पाडा इन डहाणू तालुका. टुडे आय अ‍ॅम गोइंग टू टॉक अबाउट वारली पेंटिंग. माय टॉक हॅज थ्री पार्ट्स : व्हाय वुई पेंट, हाऊ वुई पेंट, अँड हाऊ द पेंटिंग लेफ्ट द वॉल.

लेट्स स्टार्ट विथ द फर्स्ट पॉइंट. व्हेन देअर इज अ वेडिंग, मॅरिड विमेन पेंट अ स्क्वेअर ऑन द वॉल. वुई कॉल इट द चौक. इन्साइड द चौक इज अवर गॉडेस, पालघट.

नाऊ लेट्स मूव्ह ऑन टू हाऊ वुई पेंट. द व्हाइट कलर इज मेड फ्रॉम राइस. द ब्रश इज अ बांबू स्टिक. अ‍ॅज यू कॅन सी हिअर, टू ट्रँगल्स मेक अ ह्यूमन बॉडी.

धिस ब्रिंग्ज मी टू माय लास्ट पॉइंट. इन द नाइन्टीन सेव्हन्टीज, जिव्या सोमा म्हसे ऑफ गंजाड स्टार्टेड पेंटिंग ऑन पेपर. हिज वर्क वॉज शोन इन पॅरिस इन नाइन्टीन एटी-नाइन. ही गॉट द पद्मश्री इन ट्वेंटी इलेव्हन.

टू सम अप, वारली पेंटिंग इज नॉट ओन्ली डेकोरेशन. फॉर अस, विदाउट द चौक, देअर इज नो वेडिंग. दॅट इज ऑल फ्रॉम मी. थँक यू फॉर लिसनिंग.”

या नमुन्यात अवघड शब्द जवळपास नाहीत आणि बहुतेक वाक्ये दहा-बारा शब्दांच्या आत आहेत. वजन आहे ते माहितीला. गंजाड हे गाव डहाणू तालुक्यातच आहे. ज्याने लग्नघरात चौक लिहिताना पाहिला आहे, त्याला ही माहिती पाठ करावी लागत नाही. फक्त जोडणारी वाक्ये पाठ करावी लागतात.

मराठी भाषकांकडून नेहमी होणाऱ्या चुका

- “मायसेल्फ सुनील” असे नको. “आय अ‍ॅम सुनील” किंवा “माय नेम इज सुनील” म्हणावे.
- “माय टॉपिक नेम इज” असे नको. “माय टॉपिक इज” पुरेसे आहे.
- “डिस्कस अबाउट” असे नको. नुसते “डिस्कस” म्हणावे, कारण “बद्दल” हा अर्थ त्यातच आहे.
- “आय अ‍ॅम हॅविंग टू पॉइंट्स” असे नको. “आय हॅव टू पॉइंट्स” म्हणावे.
- “वन ऑफ द रीझन” असे नको. “वन ऑफ द रीझन्स” असे अनेकवचन हवे.
- “एनी डाउट्स?” हे आपल्याकडे चालते. परदेशी पाहुण्याला मात्र ते शंका किंवा संशय असल्यासारखे वाटू शकते. “एनी क्वेश्चन्स?” सगळीकडे चालते.
- दर वाक्यात “बेसिकली” आणि “अ‍ॅक्च्युअली” नको. त्या जागी थोडे थांबलेले बरे.

उच्चाराबद्दल फार धास्ती नको. मराठी किंवा वारली वळणाची इंग्रजी असली तरी बिघडत नाही. शब्द पूर्ण आणि सावकाश उच्चारला की समजतो. गडबड होते ती घाईने शब्दाचे शेवटचे अक्षर गिळल्यावर.

इंग्रजी कुठे लागत नाही?

हे माहीत असणेही तितकेच गरजेचे आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि १९९६ चा पेसा कायदा येथे लागू आहे. ग्रामसभेत आपल्या भाषेत बोलणे हा लोकांचा हक्कच आहे. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सुनावणीत मांडलेल्या मुद्द्यांचे निवेदनही शेवटी स्थानिक भाषेत समजावून सांगावे लागते. अशा सभेत कोणी इंग्रजी स्लाइड लावून झरझर पुढे गेले, तर “कृपया मराठीत सांगा” म्हणणे योग्य आणि कायद्याला धरून आहे.

चारचौघांत उभे राहून बोलणे या भागाला नवे नाही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे हजारो आदिवासी जमले आणि यापुढे वेठबिगारी करायची नाही असे ठरवले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील वारली लढ्याचा तो महत्त्वाचा टप्पा होता. आपले म्हणणे मांडायला धीटपणा लागतो, आणि तो कोणत्याही भाषेत सारखाच लागतो. इंग्रजी वाक्ये त्यानंतरची गोष्ट.

सराव कसा करावा?

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात मुलाच्या अवतीभवतीच्या वस्तूंतून शिकवण्यावर भर होता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली, म्हणजे शाळाच कुरणावर नेली. इंग्रजी सादरीकरणाचा सरावही असाच, माहितीतल्या विषयापासून सुरू करावा.

1. पहिल्या आठवड्यात घरातला विषय घ्यावा : चिकूची तोडणी, भाताची लावणी, सुकवलेले बोंबील, आईचा बचत गट.
2. विषय आधी घरच्या भाषेत मोठ्याने सांगून पाहावा. जे आपल्या भाषेत नीट सांगता येत नाही, ते इंग्रजीतही सांगता येणार नाही.
3. तीन मुद्दे ठरवावेत आणि प्रत्येकासाठी तीन छोटी इंग्रजी वाक्ये लिहावीत.
4. वरील यादीतील आठ वाक्ये निवडून पाठ करावीत : सुरुवातीची दोन, वळण्याची दोन, अडखळल्यावरची दोन आणि शेवटची दोन.
5. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. कुठे घाई होते ते लगेच कळते.
6. एका मित्राला किंवा मैत्रिणीला समोर बसवून मुद्दाम तीन प्रश्न विचारायला सांगावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पूर्ण भाषण पाठ करावे का? नाही. मधला एक शब्द विसरला की पुढचे सगळे अडते. सुरुवातीची आणि शेवटची वाक्ये पाठ करावीत, मधल्या भागाचे फक्त मुद्दे लक्षात ठेवावेत.

मध्ये मराठी शब्द आला तर गुण कमी होतात का? स्थानिक वस्तूचे, विधीचे किंवा जागेचे नाव मराठीत किंवा वारलीत सांगणे चूक नाही. त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला, की झाले.

हात थरथरत असतील तर काय करावे? कागदाऐवजी जाड कार्ड धरावे. पहिले वाक्य सावकाश म्हणावे आणि समोरच्या एका ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून बोलावे.

किती वाक्ये पाठ असावीत? पहिल्या सादरीकरणासाठी आठ. पुढच्या प्रत्येक वेळी चार नवी घ्यावीत. वर्षभरात पाच-सहा सादरीकरणे झाली, तर या लेखातील जवळपास निम्मी वाक्ये कागद न पाहता म्हणता येतील.